चित्ररथाचा क्लच

यंत्राचं शांतपणे ऐकून घेतलं की ते आपण होऊन आपलं दुखणं सांगतं, असं माझे काका मानतात. पाडव्याच्या स्वागतयात्रेच्या आदल्या दिवशी, डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर, त्यांचा जुना ट्रक पहिला गिअर टाकताना खर्रर्र असं म्हणाला. सगळ्या गल्लीने ऐकलं. दुखणं कुणालाच कळलं नाही.

सोसायटीने आजवर या ट्रकबद्दल फक्त तक्रारी केल्या होत्या. चित्ररथासाठी तो मागितला, हा काकांना मिळालेला पहिला मान. पण आवाज ऐकून अध्यक्षांनी बजावलं, "वर लहान मुलं उभी राहणार. संध्याकाळपर्यंत गाडी ठीक झाली नाही, तर मी ठाण्याहून दुसरी मागवतो."

इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखा पडायचा. चालू केलं की खर्रर्र. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नव्हता. एवढ्यात आम्हा दोघांची अक्कल संपली. क्लचचं ऑइल पाहिलं, भरलेलं होतं. पाइपमध्ये हवा शिरली असेल म्हणून ती काढायला बसलो. मी वर पेडल मारतोय, काका गाडीखाली नट सैल करतायत. हवा निघाली नाही, ऑइल तेवढं काकांच्या मिशीवर आलं.

"अरे, पूर्ण दाब ना!"

"पूर्णच दाबलाय, काका."

"पूर्ण म्हणजे कुठपर्यंत?"

"आता खाली फक्त डांबर आहे."

कल्याणहून मेकॅनिक आला. त्याने एकदाच गिअर टाकून पाहिला, तोही खाली न उतरता. "प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवायला लागेल. पाडव्यानंतर आणा." निघाला तेव्हा तो बराच समाधानी दिसत होता.

काका फुटबोर्डवर बसून राहिले. मी काहीतरी पुन्हा घट्ट केलं, जे आधीच घट्ट होतं. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि केबिनमध्ये डोकावल्या.

"अहो, माझी जाड सतरंजी इथे कशी?"

"अध्यक्ष पुढे बसणार आहेत. त्यांना काय पत्र्यावर पाय ठेवायला लावू?"

"मग त्यांच्या पायाखाली घाला. तुमच्या पेडलखाली दुमडून कशाला कोंबलीय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे. सतरंजी ओढून काढली, इंजिन चालू केलं, पेडल दाबलं. ते एका घडीच्या सतरंजीइतकं आणखी खाली गेलं आणि गिअर मुकाट पडला.

सकाळी काका कडक इस्त्रीचा सदरा घालून स्टिअरिंगवर बसले. चित्ररथाचा विषय होता 'शुद्ध हवा'. डिझेलचा धूर शोभणार नाही, हे अध्यक्षांच्या ऐनवेळी लक्षात आलं. त्यांनी माइकवरून आवाहन केलं आणि उत्साही मंडळींनी दोर बांधून रथ शेवटपर्यंत हाताने ओढला.

ट्रक न्यूट्रलमध्ये होता.