बिनआवाजाचा कूलर

गेल्या उन्हाळ्यात जुना कूलर विकायला मी जबलपूरच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘बिल्कुल आवाज नहीं करता.’ पाच मिनिटांत सिंहाचा फोटो लावलेला कुणीतरी उगवला: ‘ट्रैक्टर है, ट्रैक्टर!’ जाहिरात काढून पुन्हा टाकली, तर हा पुन्हा हजर. माझं डोकंच सणकलं. इथे आमच्या घराबाहेर मराठी कोणाला कळते, म्हणून मी बिनधास्त लिहिलं, ‘मेल्या, काहून माझ्या कूलरच्या मागे लागून राहिला? कानात किडे पडोत तुझ्या!’

लगेच चक्क मराठीत उत्तर आलं: ‘दीदी, तुमच्या भिंतीपलीकडे मीच झोपतो. कूलर रोज ऐकतो. मराठीही तिथूनच शिकलो.’