नॉर्वेचा उतार वाचणारे भाऊजी

जन्मात बर्फाचा डोंगर न पाहता, नॉर्वे-स्वीडनात कुठे घसरावं आणि कुठे घसरू नये हे छातीठोकपणे सांगणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे भाऊजी परतवाड्याला राहत आणि एका कचेरीत कालव्यांचे नकाशे काढत. तेही उभ्याने. खुर्ची त्यांना मानवत नसे. पोहे ते अंगणात फेऱ्या मारत खात. दाढी अर्धी आरशासमोर, अर्धी दारात. एकदा आम्ही दोघं अमरावतीला निघालो असताना चांदूर बाजारला एसटीचा ड्रायव्हर चहाला उतरला. भाऊजींनी पाच मिनिटं कशीबशी काढली, मग "मी होतो समोर, तू ये मांगून" म्हणत सरळ चालू लागले. बऱ्याच अंतरावर एसटीने त्यांना गाठलं, तरी त्यांनी हात केला नाही. कंडक्टरनेच बेल मारून गाडी थांबवली. वर चढून मला म्हणाले, "रस्त्याले थोडासा उतार हाय. बसून समजत नाई तो."

उतार हे त्यांचं दुसरं वेड. कुणाच्याही घरी गेले की तांब्यातलं थोडं पाणी फरशीवर सांडायचं आणि ते कुठे जातं ते पाहत उभं राहायचं. ताईने पुसायचं फडकं सोबत न्यायला सुरुवात केली होती. अकोल्याच्या एका लग्नात तर पहिली पंगत बसलेली असताना त्यांनी साठ माणसांना पत्रावळींसकट उठवून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेलं, कारण "टाकी तिकडं ठेवली, आन् जमीन इकडं कलली हाय." नवरीचा मामा हातघाईवर आला होता. अर्ध्या तासात टाकीचा नळ निखळला आणि पाणी भाऊजींनी दाखवलेल्या वाटेने रिकाम्या जागेतून शिस्तीत नवरदेवाच्या बुटांपर्यंत गेलं. मामाने मग त्यांना जिलेबीचा जादा वाढा आणून दिला. तोही त्यांनी चालत खाल्ला.

कापसाची ती वाईट वर्षं होती. शेतीवरून उठलेली माझ्यासारखी पोरं शहरात मिळेल ते करत होती. मी अमरावतीच्या एका लहानशा कचेरीत परदेशी टूर कंपन्यांच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहीत असे. एका मे महिन्यात काम आलं: आखलेल्या वाटा सोडून मोकळ्या बर्फातून स्की करणाऱ्या मुरलेल्या लोकांसाठी नॉर्वे-स्वीडनमधली दहा ठिकाणं, प्रत्येकाची शिफारस लिहायची. पंखा गरम हवा फेकत होता आणि बर्फ मी फक्त गोळ्याच्या गाडीवर पाहिला होता. भाऊजी डोळे तपासायला अमरावतीला आले होते, ते माझ्या टेबलाशी थबकले. कंपनीने पाठवलेले नकाशे पाहून त्यांचा चेहराच बदलला. "कंटूर तं बरोब्बर हायत," उंचीच्या रेषांवरून बोट फिरवत म्हणाले, आणि सारा गठ्ठा पिशवीत घालून परतवाड्याला घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी परत आले. टेबलाभोवती गिरक्या घालत त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं. लिंगेनला लिफ्ट नाही, शिखर आपल्या पायांनी चढायचं, म्हणून दमदार माणसालाच पाठव. नार्विकला उतार थेट समुद्राकडे तोंड करून आहे, तिथे उतार सोडून समुद्र पाहणारा पडेल. रिक्सग्रान्सेन इतकं उत्तरेला की मेमध्येही बर्फ टिकतो, उशिरा जाणाऱ्यांसाठी ते ठेव. नकाशांसोबत आलेल्या वर्णनांतली माहिती त्यांनी घोकली होती. उतार मात्र त्यांनी स्वतः वाचले होते. नऊ ठिकाणं झाली. दहाव्यावर त्यांनी लाल पेन्सिलने फुली मारली.

"हे काहून काढलं?" मी विचारलं.

"हे तीन नाले पाह्य. तिघंबी या खड्ड्यात उतरतात, आन् खड्ड्याले तोंड नाई. वरून बर्फ सुटला तं खाली माणूस पुरला जाते."

आमच्या कचेरीच्या साहेबांनी फुली पाहिली आणि दार लावून घेतलं. त्या ठिकाणी कंपनीचं स्वतःचं हॉटेल होतं. "ते नाव गेलं तर काम जाईल," ते म्हणाले, "आणि कामाबरोबर तुम्ही." मी भाऊजींना सांगितलं की राहू द्या, तिकडचे लोक शहाणे असतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. नकाशाच्या समासात त्यांनी बारीक, वळणदार अक्षरात फुलीचं कारण सांगणाऱ्या चार इंग्रजी ओळी लिहिल्या आणि म्हणाले, "पाठवायचं का नाई ते तू ठरव. पण माया हाताची फुली मी खोडत नाई." मी तो कागद साहेबांना न विचारता स्कॅन करून पाठवला. चार दिवस साहेबांच्या समोर जायचं टाळलं.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. कंपनीसाठी तिथे वाट दाखवणाऱ्या एका बाईने लिहिलं होतं की त्याच खड्ड्यात तिचा सोबती बर्फाखाली गेला. ती तेव्हापासून हेच सांगत होती, पण कोणी ऐकत नव्हतं. कागद दाखवल्यावर ऐकलं. ते नाव यादीतून काढलं होतं. शेवटी तिने विचारलं होतं, तुम्ही इथे किती हिवाळे काढलेत?

मी परतवाड्याला जाऊन पत्र वाचून दाखवलं. ताई डोळ्यांना पदर लावून आत गेली. भाऊजींनी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, "रविवारी गावाले चाल मायासंगं."

चांदूर बाजारच्या पलीकडच्या त्यांच्या गावातून जाणारा एक कालवा त्यांनीच वीस वर्षांपूर्वी कागदावर काढला होता. तो कधी खोदलाच गेला नाही. गावात पाऊल टाकलं की पारावरून हाक येई, "पाणी कधी येते, बाबू?" आणि हे "होऊन राहिलं, होऊन राहिलं" म्हणत तिथून सटकत. त्या रविवारी ते पारासमोर उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "पाणी येत नाई. मले लय दिवसाचं मालूम होतं, मी सांगितलं नाई. त्याच्या भरवशावर आता काई पेरू नका." कोणी शिवी दिली नाही. एक म्हातारा उपरणं झटकून म्हणाला, "आमाले बी मालूम होतं. तुया तोंडून आइकाचं होतं." मग त्याच्या सुनेने चहा आणला.

परतताना आम्ही फाट्यापर्यंत चालत आलो. दोन्ही बाजूंना काळी जमीन नांगरून पडली होती. भाऊजी त्या दिवशी माझ्या पावलाने चालले.

"ते मे मयन्यातबी बर्फ टिकते ते ठिकाण," ते मधेच म्हणाले. "तिथचा बर्फ शेवटी वितळत असंन ना?"

"जूनमधे."

"मंग ते पाणी कुठं जाते?"

"समुद्रात, भाऊजी."

ते थोडा वेळ समोरच्या शेताकडे पाहत राहिले. "सारंच?" त्यांनी विचारलं.