तेता दोब्रिलाने न पाहिलेला युरोप

आमच्या बेटावरच्या स्मोक्विना गावात उतरलेल्या कुणाला पुढे व्हेनिसला जायचं असेल, तर त्यानं तेता दोब्रिलाला तसं सांगू नये. सांगितलं, तर बहुधा तो व्हेनिसला जात नाही.

तेता म्हणजे मावशी. सत्तरी ओलांडलेल्या दोब्रिलाला अख्खं गाव तेताच म्हणतं. तिच्या घराचा वरचा मजला, दोन खोल्या आणि द्राक्षवेलीखालची गच्ची, मेपासून सप्टेंबरपर्यंत पाहुण्यांचा असतो. स्वतः ती हे बेट सोडून समोरच्या किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहराच्या पलीकडे कधी गेली नाही, आणि स्प्लिटलाही जाते ती दात दाखवायला. पण युरोपात नाव घेण्याजोगं असं एकही ठिकाण नाही, ज्याबद्दल तिला ठाम मत नाही.

ही मतं तयार व्हायची तिची एक रीत आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक पाहुण्यानं खाली स्वयंपाकघरात येऊन बसायचं. समोर काळी कॉफी, सुक्या अंजिरांची वडी आणि एकच प्रश्न: "गेल्या वर्षी कुठं गेला होतात?" आता माणसाचा स्वभाव असा, की प्रवासातलं सुख तो फोटोत ठेवून देतो आणि त्रास तेवढा तोंडानं सांगतो. त्यामुळे इतक्या वर्षांत साऱ्या युरोपची गाऱ्हाणी दोब्रिलाच्या टेबलावर येऊन पडली, आणि तिनं त्यांनाच युरोप मानलं.

"व्हेनिस?" ती म्हणते. "खाली पाणी, वर आरपार वारा. कुणीतरी अख्ख्या शहराची दोन्ही दारं उघडी टाकून गेलंय." आरपार वाऱ्याला आमच्याकडे सगळेच भितात. आखडलेल्या मानेपासून मोडलेल्या लग्नापर्यंत सगळ्याचं खापर त्याच्यावरच फुटतं. पण शहरंसुद्धा त्याच मापानं मोजणारी दोब्रिला एकटीच.

"पिसा? गवंड्याची चूक बघायला तिकीट काढायचं? माझ्या मोरीची भिंत बघा. नणंदेच्या नवऱ्यानं बांधलीय. तीही कललीय, आणि फुकट आहे."

"बार्सेलोनातलं ते चर्च? आधी बांधून तर होऊ दे."

"पॅरिसला एक डच बाई त्या हसऱ्या बाईचं चित्र बघायला गेल्या. तासन्‌तास रांगेत उभ्या. दिसली काय, तर पुढच्या माणसाची पाठ. पाठ चांगली रुंद होती म्हणाल्या."

सांतोरिनी बेटावर सूर्यास्त बघायला जाणाऱ्यांची तर तिला खरोखर कीव येते. "अहो, सूर्य आमच्याकडेही मावळतो. आणि बसायला खुर्ची मिळते."

मग आमच्या बेटावर बघायचं काय? तिच्या मते पहिला मान गावाच्या दफनभूमीचा. तिथून तिन्ही बाजूंचा समुद्र दिसतो, हे खरंच आहे. पण पाहुण्याला ती वाट सांगताना दोब्रिला त्याच्या हातात पाण्याची मोठी बाटली देते. "वर गेलात की डावीकडून तिसरा दगड. फ्राने. माझा नवरा. त्याच्या जिरेनियमला जरा पाणी घाला, आणि मग समुद्र बघा." फ्राने जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याची फुलं भर ऑगस्टात टवटवीत असतात, आणि तीही सहा-सात देशांच्या लोकांनी घातलेल्या पाण्यावर.

तिच्या पाहुण्यांमध्ये सगळ्यात जुने म्हणजे ब्रनो शहरातले ओल्दा आणि क्वेता हे चेक जोडपं. ओल्दा ट्राम दुरुस्त करायचा, क्वेता दातांच्या दवाखान्यात होती. पहिल्या वर्षी हे दोघं जुनाट गाडीत डबाबंद मांसाची अख्खी पेटी घेऊन आले, तेव्हा दोब्रिलाला तो आपल्या चुलीचा अपमान वाटला. तिसऱ्या दिवशी तिनं डबे उचलून मांजराला घातले आणि दोघांना खाली जेवायला बसवलं. तेव्हापासून जुलैचा शेवटचा आठवडा त्यांचा. ओल्दा येताना हत्यारांची पिशवी आणतो आणि दरवर्षी घरातलं काहीतरी दुरुस्त करतो. क्वेता शेंगा निवडत बसते. कोण घरचं आणि कोण पाहुणं, हे तिऱ्हाइताला कळू नये असं ते प्रकरण होतं.

यंदा त्यांचा तिसावा उन्हाळा. आमच्या किनाऱ्यावर अशी प्रथा आहे, की एकाच गावी वर्षानुवर्षं येणाऱ्या पाहुण्यांचा पर्यटन कचेरी सत्कार करते. दहाव्या वर्षी मानपत्राचा कागद, विसाव्याला लव्हेंडरचं तेल, आणि तिसाव्याला नाव कोरलेली पितळी पाटी. धक्क्यावर चौघं जण गाणी म्हणतात, आणि पाहुण्यांचा घरमालकिणीसकट फोटो कचेरीच्या काचेच्या फळ्यावर लागतो. त्या फळ्यावर सध्या एकच फोटो होता: दोब्रिलाची नणंद विंका आणि तिचे श्टुटगार्टचे जर्मन पाहुणे ग्युंटरसाहेब. गल्लीत समोरासमोर घरं, आणि विंका गेली चार वर्षं त्या फोटोवर जगत होती.

"तीस वर्षं माणूस टिकवणं खायचं काम नाही, वहिनी."

"तुझा ग्युंटर दोन्ही कानांनी अधू आहे, विंके. म्हणून टिकला."

दोब्रिलाला तो फोटो हवा होता. फोटोपेक्षाही, कुणीतरी तीस वर्षं आपल्याकडे आपणहून आलं, हे तिला गावाला दाखवायचं होतं. तिचा मुलगा ऑस्ट्रेलियात होता आणि त्याला यायला जमत नव्हतं. तो विषय ती काढत नसे आणि आम्हीही काढत नसू.

एप्रिलमध्ये क्वेताचा फोन आला. तिचा आवाज आधीच माफी मागत होता.

"तेता, रागावू नकोस हं. आमच्या लेकीनं, लेंकानं आम्हाला तिकिटं काढून दिलीत. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून. लिस्बनची. आणि नेमका तोच आठवडा आलाय बघ."

"लिस्बन," दोब्रिला म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे पुढचं वाक्य तयार नव्हतं. लिस्बनहून आलेलं कुणी तिच्या टेबलाशी अजून बसलंच नव्हतं.

ही उणीव तिनं लगेच भरून काढायला घेतली. मे महिन्यात बेल्जियमचं जोडपं आलं. त्यांना तिनं जायच्या आदल्या दिवसाची वाटसुद्धा न बघता पहिल्याच संध्याकाळी खाली बोलावलं.

"लिस्बनला गेला होतात? छान. आता मला त्रास काय झाला ते सांगा."

"त्रास?" नवरा-बायको एकमेकांकडे बघू लागले. "नाही बुवा. सुंदर शहर आहे."

"चढ असतील."

"चढ आहेत, पण चढावर ट्राम आहे ना. लाकडी, पिवळी, अगदी जुनी."

"वारा?"

"नदीवरून येतो संध्याकाळी. इतकं बरं वाटतं!"

दोब्रिलानं अंजिराची वडी जरा लांब सरकवली. मग जूनमध्ये पोलंडच्या एक शिक्षिका आल्या. त्या तर लिस्बनचं नाव काढताच डोळे मिटून तिथल्या गरम, मऊ मलईच्या पेस्ट्रीचं वर्णन करू लागल्या. "वरून दालचिनी भुरभुरायची," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या.

दर रविवारी दोब्रिला ब्रनोला फोन लावायची तो क्वेताचं मन वळवायला. पण तिच्या स्वभावात एक अडचण होती. ती वाढवून सांगे, तिरकं सांगे, पण नसलेलं सांगता तिला येत नसे.

"हे बघ क्वेता, चढ फार आहेत. तुझे गुडघे! म्हणजे, ट्राम आहे म्हणतात. ओल्दाला आवडेल अशी, लाकडी. पण तरी... आणि सार्डिन मासे रस्त्यातच भाजतात, केवढा तो धूर! चवीला चांगले असतात म्हणे. आणि ऐक, संध्याकाळी त्या किल्ल्याच्या टेकडीवर जाऊ नका, गर्दी असते. तिच्या शेजारच्या टेकडीवर जा, चर्चपुढे कठडा आहे, तिथं बसा."

"थांब तेता, लिहून घेते," क्वेता तिकडून म्हणायची.

फोन ठेवल्यावर दोब्रिला स्वतःवरच चिडायची. विंकाला खिडकीतून सगळं ऐकू जाई. "वहिनी, तुम्ही त्यांना अडवताय की पोचवताय?"

जूनच्या अखेरीस मात्र क्वेताचाच फोन आला. आम्ही येतोय. लिस्बन राहू दे. तिसावं वर्ष चुकवायचं नाही.

त्या दिवशी दोब्रिला पाव आणायला निघाली ती वाटेत प्रत्येक दाराशी थांबत गेली. तिनं पडदे धुतले, केस रंगवले, आणि पर्यटन कचेरीत जाऊन तिथल्या मिरेलाला फोटोत आपली कुठली बाजू घ्यायची तेही सांगून ठेवलं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी दोघं आले. मिठ्या झाल्या, रडणं झालं, जेवण झालं. पण दोब्रिलाच्या लक्षात यायला लागलं, की काहीतरी बेसूर आहे. ओल्दा जिन्याचा कठडा दुरुस्त करत होता, पण शीळ घालत नव्हता. क्वेता शेंगा निवडत होती आणि सालं भांड्यात, दाणे कचऱ्यात टाकत होती. गुरुवारी चादरी बदलायला दोब्रिला वर गेली, तर पलंगाखाली क्वेताचे नवे कोरे बूट दिसले. जाड तळाचे, दोऱ्यांचे, चढउतारावर चालायचे. लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं. स्मोक्विनात सगळं गाव सपाता घालून हिंडतं. असे बूट इथं कुणाला लागावेत?

ती खाली आली ती थेट ओल्दापाशी.

"ओल्दा, तिकिटांचे पैसे परत मिळाले का?"

ओल्दाला खोटं बोलता येत नाही. तो हातोडीकडे बघत म्हणाला, "मिळत नाहीत, तेता. तसलीच तिकिटं होती."

"मग विमान कधीचं आहे?"

"रविवारी सकाळी. व्हिएन्नाहून. जाऊ दे ना. दोन जागा रिकाम्या जातील, एवढंच. तू वाट बघत असशील म्हणून क्वेताला झोप लागेना."

"आणि आता लागते?"

ओल्दा पुन्हा खिळा ठोकायला लागला.

दोब्रिला स्वयंपाकघरात गेली. तिनं पीठ भिजवलं आणि संध्याकाळभर गोड भजी तळली, इतकी की ओल्दा म्हणाला, "तेता, सत्काराला गाव जेवणार आहे का?" शुक्रवारी दुपारी तिनं त्याला गाडी धक्क्याजवळ नेऊन लावायला सांगितली. म्हणाली, इथं ऊन येतं, रंग उडेल. त्या गाडीचा रंग दहा वर्षांपूर्वीच उडाला होता, पण ओल्दानं मुकाट्यानं नेऊन लावली. मग दोघं समुद्रात डुंबायला गेली आणि दोब्रिला वरच्या खोलीत.

संध्याकाळी धक्क्यावर निम्मं गाव जमलं. चौघं गाणारे पांढरे सदरे घालून उभे होते. विंका पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. पलीकडे गाड्या नेणारी शेवटची बोट लागलेली. मिरेलानं कागद उघडला. "आज आपण तीस वर्षांची अखंड निष्ठा..."

"एकोणतीस," दोब्रिला म्हणाली.

मिरेलानं कागदात पाहिलं. "नाही तेता, तीसच आहेत. मी स्वतः मोजलीत."

"यंदाचं धरू नकोस. यंदा त्यांना यायचं नव्हतं."

"तेता!" क्वेता लाल झाली. "काहीतरीच काय! आम्ही आलोय ना?"

"माझी दया येऊन आलात. दया येऊन माणूस दवाखान्यात जातो, सुटीला नाही."

"पण नियमात तसं काही नाहीये," मिरेला काकुळतीला आली. "नोंदणी झाली की वर्ष धरायचं. पाटी तयार आहे, तेता! नावं कोरून झालीत!"

"मग ठेव कपाटात. पितळ काय नासतंय?" दोब्रिला ओल्दाकडे वळली. "सामान गाडीत आहे. तिचे बूट सामानाच्या वरच ठेवलेत. भजी मागच्या सीटवर, झाकून. आज रात्री स्प्लिटला झोपा, उद्या दिवसभरात व्हिएन्ना गाठाल. चला, बोट थांबायची नाही."

क्वेता रडायला लागली. "तेता, तुझा फोटो!"

"माझे केस चांगले रंगलेत, महिनाभर टिकतील. निघा!"

पुढं जे झालं त्याला सत्कार म्हणावं की हकालपट्टी, यावर गावात अजून एकमत नाही. ओल्दानं दोब्रिलाला उचलून घट्ट धरलं, खाली ठेवलं आणि गाडी बोटीवर चढवली. गाणाऱ्यांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी ठरलेलं गाणं म्हणायला घेतलं. ते स्वागताचं होतं. बोट सुटली तरी त्यांची दोन कडवी शिल्लक होती. वर रेलिंगशी उभी राहून क्वेता हात हलवत होती आणि ओरडून काहीतरी विचारत होती.

"काय म्हणतेय ती?" विंकानं विचारलं.

"पेस्ट्रीवर काय भुरभुरायचं ते विचारतेय," दोब्रिला म्हणाली, आणि दोन्ही हातांचा कर्णा करून जीव खाऊन ओरडली, "दालचिनी!"

लोक पांगले. मिरेला पाटी कागदात गुंडाळून घेऊन गेली. विंका मात्र गेली नाही. ती दोब्रिलाच्या शेजारी धक्क्याच्या दगडावर बसली आणि बराच वेळ काही टोचून बोलली नाही. हे तिला किती जड गेलं असेल, ते आम्हा गावकऱ्यांनाच ठाऊक.

शेवटी तिनं विचारलं, "वहिनी, पुढच्या वर्षी येतील का हो ते?"

दोब्रिलानं बोटीच्या दिव्याकडे पाहिलं.

"मला काय माहीत," ती म्हणाली. जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल तिनं हे वाक्य उच्चारलेलं विंकानं त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. ती जरा घाबरलीच, आणि तिनं आपली शाल काढून वहिनीच्या मानेभोवती नीट गुंडाळली.