अंदमानच्या समुद्रात खिरीची पहिली वाटी

क्रूझचं खूळ माझंच. पुण्यात पहिली नोकरी लागली, थोडे पैसे साठले आणि मी कोल्हापूरला फोन करून जाहीर केलं, "आई-बाबा, आपण जहाजानं फिरायला चाललोय. सिंगापूरहून. नऊ दिवस!"

पलीकडून बाबा म्हणाले, "आन् पोहायला येत न्हाय त्याचं काय?"

शाहूपुरीतल्या एजंटनं मे महिना सुचवला. बाकीच्या सीझनपेक्षा जवळजवळ निम्म्यात पडत होतं. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुम्ही विचारा. मे महिन्यात तिकडं पावसाळा तोंडावर असतो आणि समुद्र अंगात आल्यासारखा वागतो.

आईची एकच अट होती. "बुद्धपौर्णिमा मधी येती. खीर जहाजावर होणार."

म्हणून आमच्या बॅगेत भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि तुपात भाजलेल्या शेवया साखर-वेलची घालून डबाबंद. (पहिले दोन न्याच. बुफेमध्ये इंडियन काउंटर असतो, पण तिथली डाळ आजाऱ्याची.) रात्रीच्या लक्झरीनं मुंबई, तिथून विमानानं सिंगापूर, आणि मग ते जहाज! आमची अख्खी कॉलनी त्यात मावली असती. पेनांग झालं, फुकेत झालं. समुद्र कळंब्याच्या तलावासारखा शांत. बाबा डेकवर सगळ्यांना ऐकवत होते, "मलकापूर सोडलं की आंबा घाट लागतो. अर्धी एसटी ओकती. मी? कधीच न्हाय."

फुकेत सोडल्यावरचा दिवस पौर्णिमेचा. सकाळी आईनं शुगरची गोळी घेतली, ब्रेकफास्टच्या काउंटरवरून थर्मासमध्ये उकळतं दूध भरून घेतलं आणि त्यात शेवया सोडल्या. मेणबत्तीला बंदी, म्हणून टेबललॅम्प लावून, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर आम्ही तिघांनी वंदना म्हटली. मधेच फोटो आपोआप डावीकडं सरकले. मग उजवीकडं. मग स्पीकरवर कॅप्टनचा आवाज आला: आज दिवसभर हवा खराब, डेक बंद, चालताना कठडा धरा.

दहा मिनिटांत बाबांचा आंबा घाट झाला. ते बाथरूममधून बाहेरच येईनात.

"काय वो, एसटी थांबवायची का?" आईनं दारातून विचारलं. तिला स्वतःला काहीच होत नव्हतं. ती थर्मास आणि स्टीलची वाटी घेऊन निघाली.

इथं आमच्या घरचा नेम सांगायला हवा. पौर्णिमेच्या खिरीची पहिली वाटी बाहेरच्या माणसाला. त्यानं ती खाल्ल्याशिवाय घरातलं कुणी तोंडात काही घालत नाही. माझ्या आजोबांनी धम्म घेतला त्या वर्षी हे सुरू केलं, कारण त्याआधी आमच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेत नव्हतं. आता कोल्हापुरात आठ वाजायच्या आत निम्मी गल्ली दारात असते. इथं मात्र कॉरिडॉरमध्ये जो दिसेल तो भिंत धरून, हातात कागदी पिशवी.

आणि आई त्यांच्या नाकासमोर गरम गोड दूध धरत होती! "घ्या की वो पावणं, वाटीभर तर हाय."

एक ऑस्ट्रेलियन आजोबा वाटीकडं बघूनच पांढरेफटक पडले आणि पळाले. दिल्लीच्या बाई म्हणाल्या, "आंटीजी, प्लीज, अभी नहीं." केबिन साफ करणाऱ्या मुलानं छातीवर हात ठेवून सांगितलं, ड्यूटीवर पाहुण्यांकडून काही घ्यायची परवानगी नाही. मी मागून सगळ्यांना सॉरी, सॉरी म्हणत होते. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू.

दुपार झाली. आई तशीच उपाशी. पोटात गोळी आणि वर पाणी. केबिनमध्ये येऊन बसली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"आई, बास. शुगर उतरलीय. दोन घास खा."

"कुणीतरी घेऊ दे मग खाती."

बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "अगं, पिंकी पुण्याला राहती. ती पावणीच की. तिला दे."

"माझी लेक पावणी न्हाय!" आई एवढ्या जोरात ओरडली की बाबा परत बाथरूममध्ये गेले. मग ती हळूच म्हणाली, "सगळी न्हाय म्हणाय लागल्यात, पिंके. तुझं आजोबा असंच दारात हुबं राहायचं म्हणं."

बाबा आतून म्हणाले, "आज जात आडवी आली न्हाय, समुद्र आलाय."

मी तिच्या हातातली वाटी घेतली आणि निघाले. या वेळी सॉरी नाही. दारं वाजवली. इंग्लिशमध्ये समजावलं, हिंदीत विनवलं, शेवटी माझ्याही तोंडातून "घ्या की वो" निघालं. कुणीच घेईना. परत आले तर आई आमच्या दाराबाहेर जमिनीवर बसलेली. शेजारी समोरच्या केबिनमधल्या चिनी आजी, पिशवीत तोंड घालून. आई त्यांची पाठ चोळत होती आणि कोल्हापुरीत सांगत होती, "हूं दे, हूं दे ताई. बाहेर पडलं की बरं वाटतंय."

मी इंग्लिशमध्ये विचारलं, डॉक्टरला बोलवू का? आजींना अक्षरही कळलं नाही. त्यांनी तोंड पुसलं, आईच्या कपाळावरचा घाम बघितला आणि खिशातून आल्याची गोळी काढून तिच्यापुढं धरली. आईनं मान हलवली आणि माझ्या हातातल्या वाटीकडं बोट केलं. आधी तुम्ही.

आजी वाटीकडं बघत राहिल्या. माझा जीव चमच्यात. त्यांनी एक चमचा घेतला, अगदी छोटा. डोळे मिटले. जहाज वर गेलं, खाली आलं. खीर आतच राहिली. मग दुसरा चमचा. गार होऊन घट्ट झालेली ती खीर त्यांनी तळाला चमचा लावून संपवली आणि रिकामी वाटी आईपुढं धरली. अजून!

आई रडायला लागली. मी आधी आल्याची गोळी तिच्या तोंडात कोंबली, मग खीर.

संध्याकाळपर्यंत समुद्र निवळला. जाणाऱ्यांसाठी सांगते: केबिन खालच्या मजल्यावर आणि मधोमध घ्या, तिथं कमी हलतं. उलटीची गोळी हवा बिघडायच्या आधी घ्या. सोबत आलं ठेवा. आणि बाबा म्हणतात, घाटाच्या बढाया जहाजावर मारू नका.

फोटो धुऊन आले, अल्बम लागला, पेनांग-फुकेत आता एकमेकांत मिसळून गेलंय. पुढच्या बुद्धपौर्णिमेला मी घरी गेले होते. दारात शेजारच्या काकांनी पहिली वाटी खाल्ली, "लई भारी वहिनी" म्हणाले. एरवी आई तेवढं बघून आत वळायची, आम्हाला वाढायला. आता ती पातेलं कडेवर घेऊन तिथंच थांबते. वाटी परत पुढं येते का बघत.