जुन्या हँगरवरचा नवा पाइप

मी कट्टा गावातला प्लंबर. मावशींनी मला बोलावलं ते उंदरांसाठी. मालवणच्या किनाऱ्याला त्यांचं गेस्ट हाउस. फोनवर म्हणाल्या, "जेवणाच्या हॉलाच्या छतात कायतरी कुरकुरता. उंदीर आसतले. पंप लावलो काय जास्तच कुरकुरता."

उंदरांना पंपाचं काय? हातातलं काम टाकून मी निघालो.

हॉलमध्ये टेबलं मांडून तयार होती. मावशींच्या नातवाचा बाप्तिस्मा, मंडळी चर्चमधून निघायचीच होती. शिडीवर चढून मी फॉल्स सीलिंगचा एक चौकोन सरकवला, टॉर्च मारली आणि तसाच थांबलो.

पाइप छताला लटकवायचे वरचे हँगर बारीक प्लास्टिकच्या पाइपासाठी लावलेले. पुढे खोल्या वाढल्या तेव्हा कोणीतरी मनगटाएवढा लोखंडी पाइप त्याच हँगरांत कोंबला. क्लॅम्पची तोंडं मिटेनात म्हणून ती तारेने आवळली. मग एसीच्या केबली आल्या, सोलरच्या आल्या. त्यांना वेगळा आधार द्यायचं कोणाच्या मनात आलं नाही. जो आला त्याने पाइपालाच पट्ट्या मारून आपला जुडगा लटकवला. पाइप रिकामा असताना हे तोललं असेल. आत भरणाऱ्या पाण्याचं वजन कोणी धरलंच नव्हतं. त्यात खारी हवा. हँगरच्या लोखंडी रॉडला बोट लावलं तर गंजाचा पोपडा सुटून खाली पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडला.

"मावशी, ह्या हॉलात कोणाक बसवू नको."

"असा काय बोलतंस रे? एवढी माणसा खंय बसवू?"

"आंगणात."

"आणि पावस इलो तर?"

"भिजतले. पण जिते रवतले."

 मावशींनी पहिली खुर्ची उचलली.

हॉलची वीज बंद केली, पाइपातलं पाणी सोडून दिलं आणि पंप लावू नका म्हणून बजावलं. ते स्वयंपाकघरापर्यंत पोचलं. मावशींचा मुलगा गोव्याहून आलेला, त्याच्यापर्यंत पोचलं नाही. अंगणात जेवणं चालू असताना टाकीतलं पाणी संपलं आणि त्याने पंप लावला.

मला घरघर ऐकू आली. "बंद कर!" म्हणून ओरडत मी धावलो. तोवर हॉलमधून टकटक सुरू झाली होती, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकणारी. एकेक हँगर सुटत होता. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग पाइप, केबली, अख्खं सीलिंग एकदम खाली आलं.

 अंगणात बाळ रडायला लागलं.

केकसाठी मधोमध ठेवलेल्या टेबलाचे दोन तुकडे झाले होते. गंजाने लाल झालेलं पाणी उंबऱ्यावरून वाहत पंगतीकडे येत होतं. मुलगा पंपाच्या बटणावर हात ठेवून तसाच उभा होता.

मावशी दारात आल्या. आत नजर टाकून त्यांनी कपाळ-छाती-खांद्यांवर क्रूसाची खूण केली. मग हळूच म्हणाल्या, "वरच्या खोल्येंचा पाइपाचा काम पण त्याच मिस्त्रींचा."

आम्ही शिडी वर नेली. पॅसेजमधला चौकोन सरकवला. तोच जाड पाइप, तेच बारीक हँगर, तीच तार. आणि पाइप सरळ भिंतीतून पुढे खोल्यांत गेलेला. एका दाराआड कोणीतरी दुपारचं झोपलं होतं, घोरणं ऐकू येत होतं.

"उठव तेंका," मी म्हटलं. मावशी दारं ठोठावायला लागल्या.