पीटीच्या बाईंची उडी

“झालं. पुढचं?”

कुठलाही व्यायाम सांगितला की त्या तो भराभर उरकायच्या, घड्याळाकडे बघायच्या आणि हे विचारायच्या. शाळेत पीटी शिकवणाऱ्या बाई. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, जिथे उभी राहतील तिथली रांग सरळ करणारी.

मी कर्वेनगरला फिजिओथेरपिस्ट आहे. बाळंतपणानंतर ज्यांना लघवी धरून ठेवता येत नाही अशा बायका माझ्याकडे येतात. बहुतेक जणी पाच-सात वर्षं सोसून येतात, आणि आल्यावरही आधी कंबरदुखीचं सांगतात. या बाई मात्र मुलगी सहा महिन्यांची असतानाच आल्या आणि खुर्चीत टेकण्याआधी म्हणाल्या, “शिंकले की लघवी होते. उडी मारली की होतेच. आणि मला पगार उड्या मारण्याचा मिळतो. किती दिवसांत बरं होईल?”

“तीन-चार महिने तरी.”

“मी दिवसांत विचारलं.”

त्या वाघोलीहून यायच्या, अख्खं शहर ओलांडून. सोबत सासूबाई. त्या नातीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसायच्या. मी विचारलं, “तिकडे कोणी फिजिओ नाही का?”

“आहेत ना. त्यांची मुलं माझ्या शाळेत आहेत.”

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. ती आवळायची आणि सैल सोडायची, एवढंच मी शिकवलं होतं. दिवसातून तीनदा. तिसऱ्या आठवड्यात त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढला. चौकशी केली तर कळलं, बाई बसमध्ये, ओट्यापाशी, मुलीला पाजताना, दिवसभर आवळूनच बसलेल्या.

माझा आवाज चढला. “अहो, दिवसभर मूठ आवळून ठेवलीत तर संध्याकाळी त्या हाताने पिशवी उचलवेल का? सोडायला शिका आधी.”

“सोडलं तर सगळंच जाईल!” त्या ओरडल्या. मग छताकडे बघत म्हणाल्या, “मी राज्य पातळीवर लांब उडी मारलीये. या अंगाने मला आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं.”

पुढचे दोन महिने त्या नुसतं पडून श्वास घ्यायला शिकल्या, आणि त्या प्रत्येक मिनिटाचा त्यांनी मनापासून राग केला.

मध्येच त्यांची रजा संपली. मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलनासाठी दोरीवरच्या उड्या बसवायला सांगितल्या. दुसरी कोणी असती तर तिने पाय मुरगळल्याचं सांगितलं असतं. बाईंनी सरळ सांगितलं, “सर, बाळंतपणापासून उडी मारली की मला लघवी होते. उपचार चालू आहेत. मला तीन महिने द्या.”

सर टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. दुसऱ्या दिवसापासून बाईंना ग्रंथालयात बसवलं आणि मैदान नव्या सरांकडे गेलं.

“मी वेळ मागितला होता, खुर्ची नव्हती मागितली!” माझ्या टेबलावर त्यांनी हात आपटला. त्यावर मी नुसतं “श्वास सोडा” म्हटलं. त्याची चीड मला अजून येते.

पाचव्या महिन्यात त्यांनी आमच्या पार्किंगमध्ये दोरी फिरवली. न थांबता पन्नास उड्या. कपडे कोरडे. मी टाळ्या वाजवल्या.

“आता मैदान परत देतील ना?”

“पुढच्या वर्षी बघू म्हणाले.” त्या दोरी गुंडाळत होत्या, हसल्या नाहीत. “अंग ऐकायला लागलं, आता शाळा ऐकत नाही.”

पुढच्या मंगळवारी त्यांच्या वेळेला सासूबाई एकट्याच आल्या. आतल्या खुर्चीवर त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

“ती न्हाई यायची. दुसऱ्या शाळेत मुलाखत हाय. वेळ वाया नको म्हणून मला धाडलं.”

बाई पुन्हा आल्याच नाहीत. ती नोकरी त्यांना मिळाली, हे मला नंतर सासूबाईंकडूनच कळलं. त्या शाळेला मैदान नाही, पीटी गच्चीवर घेतात.

पण त्या मंगळवारी सासूबाई पदराचं टोक चाचपत बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, “मलाबी तेच हाय. धाकट्याच्या येळेपासनं.”

“धाकटा केवढा आहे?”

“एकतीस वर्षांचा.”

मी पेन खाली ठेवलं. “इतकी वर्षं कुणाला बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? मला वाटलं, बाईमाणसाचं असंच असतं. सुनेलाबी मी तेच सांगितलं, गप ऱ्हा म्हणून. तिनं तिच्या सरांला तोंडावर सांगितलं, तवा कळलं, हे बोलता येतं.”

मग चपला काढून त्या गादीवर आडव्या झाल्या.