कडक भाकरीची मुलाखत

महानंदाअक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा मी चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात रंगखात्यासाठी मुलाखती घेत बसले होते. फोन त्यांच्या सुनेचा होता. "सकाळी चहा घेतला, आणि बसल्या जागीच..." एवढंच ती बोलू शकली. माझा चेहरा पाहून समोरचा मुलगा घाबरला. त्याला पाणी दिलं, मीही प्यायले आणि त्याची मुलाखत पुरी करूनच उठले. त्याला अर्धवट सोडून उठले असते, तर अक्कांनी मला वर बोलावून झापलं असतं.

अक्का आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. वर्गात अगदी छापील बोलायच्या, घरी मात्र मराठीत कानडी कालवून मोकळ्या सुटायच्या. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी त्यांना सांगितलं, मला कापडाच्या रंगखात्यात काम करायचंय.

"रंगखातं बगितलंस का कुटं?"

नाही म्हटल्यावर दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला अक्कलकोट रोडच्या एका ओळखीच्या कारखान्यात धाडलं. "आदी तितला वास घे. टिकलीस तर पुढचं बगू." टिकले की! ती वाफ, तो उकाडा, नखांत बसलेला निळा रंग... मला सगळंच फार आवडलं. पंचाईत वेगळीच होती. अनोळखी माणसापुढं माझी दातखीळ बसायची. आणि बाबांनी तर बजावलं होतं, उन्हाळ्यापर्यंत नोकरी लागली नाही तर स्थळं बघायला सुरुवात करणार.

यावर अक्कांचं औषध जगावेगळं होतं. दर शनिवारी दुपारी त्यांच्या बाहेरच्या खोलीत आम्हा विद्यार्थ्यांच्या मुलाखतीची तालीम चाले. समोर तीन खुर्च्यांवर अक्का, त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, आणि शेजारच्या रेहानाचाची. तिघांच्या पुढ्यात पापडासारखी वाळवलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. प्रश्न विचारायचा आणि आमचं उत्तर सुरू झालं की कडाकडा भाकरी मोडून खायची, वर बघायचंसुद्धा नाही! "सायेब लोक काय तुज्याकडं बगत बसत न्हाईत. त्यांचं ध्यान चहाबिस्किटात असतंय. त्यातनं आपलं बोलणं त्यांच्या कानात घालायचं." मी अडखळले की अक्का भाकरीचा तुकडा माझ्यावर रोखून म्हणायच्या, "हेळ!" हेळ म्हणजे कानडीत 'सांग'. तेवढ्यात काका हळूच आणखी चटणी वाढून घ्यायचे. हसून हसून पोट दुखायचं, पण हळूहळू त्या कडकडाटात सुतावर रंग पक्का कसा बसतो ते मी न थांबता सांगू लागले.

खऱ्या मुलाखतीत मात्र भलतंच झालं. तिन्ही साहेब हाताची घडी घालून, टक लावून माझ्याकडेच बघत होते. खोलीत चिडीचूप. माझी बोबडी वळली आणि तोंडून निघालं, "सर, आपण काही खाणार नाही का?"

कुणाला काही कळेना. मग सगळा प्रकार सांगावाच लागला. साहेब हसून बेजार झाले. त्यातल्या एकानं तर खरंच बिस्किटांचा पुडा फोडला. त्या कागदाच्या आवाजावर मी जी सुटले... नोकरी घेऊनच बाहेर आले. अक्कांना हे सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. "अय्यो शिवने! गप बसलेल्या सायबांची तालीम घ्यायची राहिलीच की गं!"

परवाच्या शनिवारी त्यांच्या घरी गेले. दारात कॉलेजची एक मुलगी तालमीला म्हणून उभी होती. अक्का गेल्याचं तिला माहीत होतं, पण सोमवारी तिची दवाखान्याच्या लॅबमध्ये मुलाखत होती आणि दुसरं कुठं जावं हे तिला सुचलं नव्हतं. काका आत गेले आणि भाकरीचा डबा घेऊन आले. रेहानाचाचींना हाक गेली. अक्कांच्या खुर्चीवर काकांनी मला बसवलं.

मुलीनं नाव सांगितलं, आणि अडकली. आमच्यापैकी कुणाच्याच हातून भाकरी मोडेना. शेवटी काकांनीच डोळे पुसले आणि कडाड्कन भाकरी मोडली. मी माझा तुकडा उचलला आणि त्या मुलीवर रोखला.

"हेळ!"